उत्तर तपासण्याआधी

तिच्या स्क्रीनवर दहापैकी शून्य गुण दिसत होते. प्रश्न साधा होता: एक वर्ष वाचायचं, ते लीप असेल तर ‘येस’ छापायचं, नसेल तर ‘नो’. मी तिचा प्रोग्राम ओळीओळीनं वाचला. चारनं भाग जातो का, शंभरनं जातो का, चारशेनं जातो का, तिन्ही अटी योग्य क्रमानं लावलेल्या होत्या. तरीही चारही टेस्ट केस नापास. ती बाजूला उभी राहून पुन्हा पुन्हा विचारत होती, “मॅडम, पण माझं चुकलंय कुठे?”

कारण सापडायला मला पाच मिनिटं लागली. वर्ष वाचण्याआधी तिनं एक ओळ छापली होती, ‘एंटर द इयर’. ती डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेली. समोरच्याला काय भरायचं ते आधी सांगावं, असं तिला तीन वर्षं शिकवलेलं, आणि सवय म्हणून ते चांगलंच आहे. पण तपासणाऱ्या सर्व्हरपुढे माणूस बसलेला नसतो. प्रोग्रामनं छापलेलं सगळं तो उचलतो आणि आपण लिहून ठेवलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. ‘येस’च्या आधी आणखी तीन शब्द आले, म्हणजे त्याच्या लेखी उत्तर चुकलं.

त्याच बॅचमधल्या एका मुलानं कुठलीही अट न घालता प्रत्येक वर्षाला ‘येस’ छापणारा दोन ओळींचा प्रोग्राम टाकला होता. माझ्या टेस्ट केस होत्या २०२४, २०२३, २००० आणि १९००. त्यातली दोन वर्षं लीप. त्याला दहापैकी पाच मिळाले.

सर्व्हरनं त्याचं काम चोख केलं होतं. चूक माझी होती. प्रश्नात ‘याखेरीज काहीही छापू नका’ हे वाक्य मी लिहिलं नव्हतं, आणि अर्ध्या टेस्ट केस एका शब्दावर निभावतील असा संच मीच दिला होता. या पुस्तिकेचं पहिलं टिपण मी त्याच आठवड्यात लिहिलं.

प्रोग्रामिंगची प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांसाठी ही पुस्तिका आहे: अभियांत्रिकीच्या, पॉलिटेक्निकच्या, बीसीएस-बीसीएच्या. विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्राम ऑनलाइन जमा करून घ्यायचे, ठरलेल्या टेस्ट केसवर आपोआप चालवायचे आणि गुण द्यायचे, ही पद्धत आता आपल्या बहुतेकांपर्यंत कुठल्या ना कुठल्या वाटेनं आली आहे. तिची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नाही. माझ्याकडे एका सत्रात बावीस-बावीसच्या तीन बॅच असतात आणि प्रत्येकाची बारा असाइनमेंट. म्हणजे सातशे ब्याण्णव प्रोग्राम. ते सगळे खरोखर चालवून पाहणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. मग जर्नलवर सह्या होतात. आउटपुटच्या प्रिंटआउट वरच्या बॅचच्या फायलीतून आलेल्या असतात हे ठाऊक असूनही होतात. ते मी अनेक वर्षं केलं आहे, आणि प्रत्येक सबमिशनच्या आठवड्यात त्याचं वाईट वाटलं आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथल्या रेन्सेलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये जॅक हॉलिंग्जवर्थ यांनी असा परीक्षक प्रोग्राम वापरला आणि १९६० साली त्यावर लेख लिहिला. तेव्हा विद्यार्थी असेंब्ली भाषेतले प्रोग्राम पंच केलेल्या कार्डांवर देत. परीक्षक प्रोग्राम त्यांच्यासोबत चालवला जाई आणि दोनच निकाल देई: उत्तर चूक, किंवा प्रश्न पूर्ण. यंत्राचा आणि शिक्षकांचा वेळ वाचतो, हे त्यांनी नोंदवलं. विद्यार्थ्याचा प्रोग्राम परीक्षकालाच बदलून टाकू शकतो, हा धोकाही त्यांनी तेव्हाच दाखवून दिला होता. पुढे १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉर्ज फोर्सिथ आणि निक्लाउस विर्थ यांनी आपल्या परीक्षक प्रोग्रामांविषयी लिहिलं. हे विर्थ म्हणजेच ‘पास्कल’ भाषेचे कर्ते. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक शिक्षकांनी प्रोग्रामिंगची सुरुवात ‘पास्कल’नंच केली.

त्यानंतरचा मोठा रेटा स्पर्धांमधून आला. स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठानं आपला ऑनलाइन परीक्षक जगभरच्या मुलांना खुला केला. आपल्याकडे मुंबईच्या ‘डायरेक्टी’ या कंपनीनं २००९ मध्ये ‘कोडशेफ’ सुरू केलं, आणि ‘राँग आन्सर’, ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ हे शब्द हॉस्टेलच्या खोल्यांमधून ऐकू येऊ लागले. एनपीटीईएलच्या प्रोग्रामिंगच्या कोर्समध्ये दर आठवड्याचे प्रोग्राम असेच तपासले जातात. आयआयटी मुंबईत ‘बोधिट्री’ घडलं, आयआयटी कानपूरमध्ये ‘प्रूटर’. ज्या कॉलेजांत मूडल आहे त्यांना कॅनरी बेटांवरल्या लास पाल्मास विद्यापीठात तयार झालेलं ‘व्हर्च्युअल प्रोग्रॅमिंग लॅब’ हे जोडसाधन फुकट मिळतं. या पुस्तिकेतली उदाहरणं मी त्यावरच करून पाहिली आहेत. पण साधन कुठलंही असो, खाली आलेल्या अडचणी सगळीकडे त्याच राहतात.

पहिली अडचण सुरक्षिततेची, आणि ती शिक्षकांना सगळ्यात कमी दिसते. आपण अनोळखी प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवायला घेत असतो. बहुतेक वेळा बिघाड निरागस असतो: लूपमधला आय वाढवायचा राहून गेला आणि प्रोग्राम थांबेचना. एखादा प्रोग्राम कधीतरी थांबेल की नाही हे प्रत्येक प्रोग्रामसाठी आधीच सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केलं. म्हणून व्यवहारात एकच उपाय उरतो: दोन सेकंदांची मुदत द्यायची, ती उलटली की प्रोग्राम बंद पाडायचा. मेमरीलाही तशीच मर्यादा घालायची. स्वतःच्याच प्रती काढत सुटणारा प्रोग्राम सगळा सर्व्हर आडवा करू शकतो, म्हणून किती प्रोसेस उघडता येतील हेही बांधून द्यायचं. प्रत्येक प्रोग्राम बंद पेटीत चालवायचा, जिथून त्याला बाहेरचं काही दिसणार नाही. एकदा माझ्या हातून अपेक्षित उत्तरांची फाइल विद्यार्थ्याचा प्रोग्राम जिथे चालतो त्याच फोल्डरमध्ये राहिली. एका मुलानं ती उघडून वाचणारा आणि तीच छापणारा प्रोग्राम लिहिला. त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन मला ते सांगितलं. हॉलिंग्जवर्थ यांचा इशारा मी तोवर वाचलेला नव्हता. या विषयावर पुस्तिकेत एकच प्रकरण आहे, कारण ही व्यवस्था एकदा नीट लागली की तिच्याकडे रोज पाहावं लागत नाही.

टेस्ट केसचं तसं नाही. माझा सगळा जीव त्यांत आहे, आणि पुस्तिकेची निम्म्याहून अधिक पानंही.

फॅक्टोरियलचाच प्रोग्राम घ्या. आम्ही शिकलो तेव्हा टर्बो सीची निळी स्क्रीन होती आणि इंटिजर सोळा बिटांचा होता. सातचं फॅक्टोरियल ५०४० बरोबर यायचं आणि आठचं यायचं उणे २५२१६. खरं उत्तर ४०३२०, ते सोळा बिटांत मावत नाही. उणे चिन्ह दिसलं की वर्गात कोणीतरी हात वर करायचंच, आणि मग संख्या किती जागेत मावते यावर तासभर बोलणं व्हायचं. आजच्या कंपायलरवर इंटिजर बत्तीस बिटांचा असतो. बाराचं फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० ठीक येतं. तेराचं सहसा येतं १,९३,२०,५३,५०४. खरं उत्तर आहे ६,२२,७०,२०,८००. यात उणे चिन्ह नाही, आकडा भरभक्कम दिसतो, हात कोणी वर करत नाही. आणि आपली टेस्ट केस? बहुतेकांची एकच: पाच दिले की एकशे वीस यावेत. त्या टेस्ट केसनं अर्ध्या वर्गाला पूर्ण गुण मिळतात आणि तासभराचं ते बोलणं होतच नाही.

मग तेराची टेस्ट केस टाकायची का? टाकायची, पण त्याआधी प्रश्नात लिहायला हवं की संख्या शून्य ते वीसच्या दरम्यान असेल. ते न लिहिता टाकली तर आपण मुलांना न विचारलेल्या गोष्टीसाठी नापास करतो. लिहून टाकली तर विसाचं फॅक्टोरियल चौसष्ट बिटांत मावतं, हे शोधायला मुलं स्वतःहून पुस्तक उघडतात. टेस्ट केस लिहायला बसलं की आपल्याच प्रश्नातली न बोललेली वाक्यं अशी एकेक करून बाहेर येतात. पन्नास वर्षांचा जर्नलमधला प्रश्नसंच आपण इतकी वर्षं तोंडी सांभाळून घेत आलो, कारण शंका आली की मूल विचारायचं आणि आपण सांगायचो. सर्व्हरला विचारता येत नाही.

डेटाबेसच्या प्रॅक्टिकलमध्ये हे आणखी ठळक दिसतं. ‘प्रत्येक विभागात किती विद्यार्थी आहेत ते काढा.’ अनेक मुलं दोन तक्ते साध्या जॉइननं जोडतात. त्यामुळे ज्या विभागात एकही विद्यार्थी नाही तो यादीतून गळतो, तिथं शून्य यायला हवं होतं. पण आपल्या नमुन्याच्या तक्त्यात प्रत्येक विभागात दोन-चार विद्यार्थी असले, तर चूक आणि बरोबर अशा दोन्ही क्वेरींचं उत्तर तंतोतंत सारखं येतं. ती चूक पकडायची तर तक्त्यात एक रिकामा विभाग हवाच. आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एक्सडेटा’ तयार केलं ते याचसाठी: बरोबर क्वेरी घ्यायची, मुलं तीत कुठल्या चुका करतील त्या मांडायच्या आणि प्रत्येक चूक उघडी पडेल असा डेटा यंत्राकडून घडवून घ्यायचा. ज्या जाडजूड पुस्तकाला आपली मुलं नुसतं ‘कॉर्थ’ म्हणतात, त्याच्या तीन लेखकांपैकी सुदर्शन एक. त्या कामामुळे माझी विचार करण्याची दिशा बदलली. टेस्ट केस लिहिताना आता मी बरोबर उत्तरापासून सुरुवात करत नाही. माझ्या वर्गातली मुलं कुठं कुठं घसरतील त्याची आधी यादी करते, मग प्रत्येक घसरणीला एक टेस्ट केस देते.

आपल्या भाषेमुळे येणारी एक अडचण मला बाहेरच्या पुस्तकांत फारशी सापडली नाही. उलटसुलट सारखा वाचला जाणारा शब्द ओळखणं, म्हणजे पॅलिंड्रोम, हा नेहमीचा प्रश्न. एकदा मी मराठी शब्द दिले. ‘कडक’ पास झाला. ‘नवीन’ सगळ्यांचा नापास. डोळ्यांना दिसतात न, वी, न. संगणकाला दिसतात चार खुणा: न, व, दीर्घ वेलांटी, न. उलटे केल्यावर वेलांटी ‘व’च्या आधी येते आणि शब्द जुळत नाही. ‘मराठी’ शब्दाची लांबी विचारली तर पायथन सांगतं पाच, सी मधलं नेहमीचं फंक्शन यूटीएफ-८ मध्ये सांगतं पंधरा, आणि पहिलीतलं मूल सांगतं तीन. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. कुठलं हवं ते प्रश्न लिहिणाऱ्यानं ठरवायचं. त्या दिवशी मुलांनी अक्षर म्हणजे काय यावर जो वाद घातला, तसा वाद मी प्रॅक्टिकलच्या तासाला आधी ऐकला नव्हता.

निकाल काय शब्दांत सांगावा हा प्रश्न राहतो. स्पर्धेत ‘राँग आन्सर’ एवढं पुरतं, तिथं ओळखून काढणं हाच खेळ आहे. पहिल्या सत्रातल्या मुलाला ते दोन शब्द दिले की तो विचार करायचं सोडतो. ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘पेक्षा लहान किंवा समान’ करून पाहतो, एक मिळवतो, एक वजा करतो आणि दर वेळी सबमिटचं बटण दाबतो. एका मुलानं एका तासात एकाच प्रश्नाला एकेचाळीस वेळा ते दाबलेलं मी लॉगमध्ये पाहिलं आहे. त्याच्याबद्दल मला राग आला नाही. पुढे कसं जावं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून निम्म्या टेस्ट केस मुलांना उघड दाखवाव्यात, निम्म्या झाकलेल्या असाव्यात, दोन प्रयत्नांमध्ये काही मिनिटं जाऊ द्यावीत, आणि प्रत्येक टेस्ट केसला नापास झाल्यावर दिसणारं एक वाक्य जोडावं. ‘१९०० साठी तुझं उत्तर येस आलं. शंभरनं भाग जाणाऱ्या वर्षांचा नियम पुन्हा वाच.’ हे वाक्य मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. एआयसीटीईनं २०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायची वाट मोकळी केली, पण मराठी माध्यमातून आलेली मुलं आपल्या लॅबमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून बसत आहेत. इंग्रजी एरर आली की ती वाचायच्या आधीच त्यांचा हात वर जातो. मराठी वाक्य दिसलं की ती आधी वाचतात. हे मी रोज पाहते.

गुण कसे वाटावेत यावर एवढंच सांगते, की सुटी टेस्ट केस मोजू नये. २०२३ आणि २०२४ चा एक गट, १९०० आणि २००० चा दुसरा. गटातली दोन्ही उत्तरं बरोबर आली तरच त्या गटाचे गुण. कायम ‘येस’ छापणाऱ्याला मग काही मिळत नाही.

नकलेचं काय, हे प्रत्येक कार्यशाळेत विचारलं जातं. व्हेरिएबलची नावं बदलून, कॉमेंट काढून केलेली नक्कल पकडणारी साधनं आहेत. अलेक्स ऐकन यांनी १९९४ मध्ये केलेलं ‘मॉस’ अजूनही जगभर वापरतात. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि तेव्हापासून ज्याची नक्कल झाली तो मूळ प्रोग्रामच वर्गात नसतो. सेकंड इयरच्या असाइनमेंट चॅटजीपीटी बहुधा पहिल्या फटक्यात बरोबर लिहून देतं आणि आपला सर्व्हर त्याला पूर्ण गुण देतो. माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या सर्व्हरच्या गुणांवर टर्मवर्क देऊ नये. मी निम्मे गुण सर्व्हरकडे ठेवते आणि निम्मे मुलाच्या शेजारी बसून विचारलेल्या दोन प्रश्नांना देते. ‘ही ओळ काढली तर कुठली टेस्ट केस नापास होईल?’ ज्यानं प्रोग्राम स्वतः लिहिला तो बोट ठेवून सांगतो. इतक्या मुलांच्या शेजारी बसायला वेळ कुठून आणायचा? सातशे ब्याण्णव प्रोग्राम तपासायचा जो वेळ वाचला, तो तिथं द्यायचा. कॉलेजनं तो वेळ दुसऱ्या कामाला लावला तर या पद्धतीतून मुलांच्या हाती काही पडणार नाही, हे मी आमच्या प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

व्हर्जिनिया टेकच्या स्टीफन एडवर्ड्स यांनी ‘वेब-कॅट’मध्ये आणखी एक गोष्ट आणली: विद्यार्थ्यानं प्रोग्रामसोबत स्वतःच्या टेस्टही द्यायच्या, आणि त्या किती चांगल्या आहेत यालाही गुण. मी त्यातलं थोडंच उचललं. प्रोग्राम लिहायच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं तीन टेस्ट केस लिहून आणायच्या. शेवटचं प्रकरण या प्रयोगाचं आहे. अजून ते अपुरं आहे, पण त्यातलं मुलांचं लिखाण जसंच्या तसं दिलं आहे.

दहापैकी शून्य मिळालेली ती मुलगी पुढे फायनल इयरला असताना या पुस्तिकेतल्या टेस्ट केस तपासून द्यायला येत असे. एका दुपारी तिनं लीप वर्षाच्या प्रोग्रामला २०२४ हे वर्ष देवनागरी आकड्यांत भरून दिलं. सी मधला प्रोग्राम ते वाचूच शकला नाही. व्हेरिएबलमध्ये आधीपासून जे काही पडलं होतं त्यावर त्यानं निकाल छापला. पायथनमधल्या प्रोग्रामनं तेच आकडे नीट वाचले आणि ‘येस’ म्हटलं. ती म्हणाली, “मॅडम, प्रश्नात तर ‘एक वर्ष वाचा’ एवढंच लिहिलंय.” आम्ही दोघींनी बसून त्या प्रश्नाचं विधान पुन्हा लिहिलं. पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर ते आहे, आणि तिची टेस्ट केस तिथं पाचव्या क्रमांकावर आहे.